पडद्याआडची अ‍ॅप्स आणि बॅटरी

फोन खिशात ठेवून आपण निश्चिंत झालो, तरी त्यातील कित्येक अ‍ॅप्सचा कारभार पडद्याआड अव्याहत चालू असतो. कोणी नवे टपाल आले काय हे पाहते, कोणी आपला ठावठिकाणा टिपते, आणि काम क्षणात उरकले, तरी त्यासाठी जागा झालेला मोबाईल-रेडिओ पुढे काही सेकंद जागाच राहत असल्याने वीज हकनाक खर्ची पडते. याच कारणास्तव २०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत ‘डोझ’ ही तजवीज आली: चार्जरला न जोडलेला फोन पडदा मिटून निश्चल पडला असता, अ‍ॅप्सची नेटवर्कची मागणी तहकूब ठेवून ती मधूनमधून एकत्रच निकालात काढली जाते. तथापि ज्या अ‍ॅपचा विजेचा खप बेसुमार दिसेल, त्याचे चिन्ह दाबून धरून माहितीच्या पानावर जावे आणि बॅटरीच्या सदराखाली त्याच्यावर निर्बंध घालावा. आयफोनवर ही मुखत्यारी ‘बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश’ येथे मिळते. निरोपांच्या अ‍ॅपला मात्र हा मनाईहुकूम लावू नये, कारण तातडीचा निरोपही मग उशिरा पोचू शकतो. अलीकडच्या यादीतून अ‍ॅप्स वारंवार झटकून टाकण्याची सवय, अडकून पडलेल्या अ‍ॅपचा अपवाद सोडता, माझ्या मते त्याज्यच होय; पुन्हा उघडताना अ‍ॅप मुळापासून उभे करावे लागते व त्यात वीज अधिकच जाते.