दूरचित्रवाणी संच : भिंतीवर की मेजावर?

घरात नवा टी.व्ही. घ्यावयाचा ठरला की तो किती इंची असावा, कोणत्या कंपनीचा असावा, रोखीने घ्यावा की हप्त्याने, यावर आठवडा-आठवडा खल चालतो. तो ठेवावयाचा कुठे, हे मात्र खोके उघडल्यावर पाच मिनिटांत ठरते. आणि तेही बहुधा संच बसवावयास आलेला माणूसच ठरवतो. "भिंतीवर छान दिसेल," असे तो म्हणतो, आपण मान डोलावतो आणि भिंतीला चार भोके पडतात. वास्तविक हा प्रश्न केवळ शोभेचा नव्हे. त्यात वजनाचा, भिंतीच्या ताकदीचा आणि घरात लहान मूल असल्यास त्याच्या जिवाचा संबंध येतो. म्हणून त्याचा थोडा शास्त्रीय विचार येथे करावयाचा आहे.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्या काळातील आणि त्यानंतरच्या तीसेक वर्षांतील बहुतेक संच काचेच्या मोठ्या चित्रनळीचे असत. ते इतके जड आणि पाठीमागे इतके खोल असत की मेजावर वा कपाटात ठेवण्यावाचून गत्यंतर नसे. संच सपाट झाला तेव्हा दोन गोष्टी एकदमच घडल्या. तो भिंतीवर टांगता येऊ लागला, हा फायदा. आणि मेजावर उभा केल्यास थोड्याशा ओढीनेही पुढे कलंडू लागला, हा तोटा.

असे का होते? कोणतीही उभी वस्तू तोवरच उभी राहते, जोवर तिच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा तिच्या पायांच्या आत पडतो. उदाहरणादाखल 43 इंची संच घेऊ. हे माप पडद्याच्या कर्णाचे असते. पडद्याची रुंदी सुमारे 95 सेंटिमीटर व उंची सुमारे 54 सेंटिमीटर भरते. एवढी मोठी पाटी जेमतेम वीतभर खोलीच्या दोन पायांवर उभी असते. वरच्या कडेला हात घालून मुलाने ओढले की ओळंबा पायांच्या बाहेर जातो आणि संच पुढे येतो. मेजाला खण असतील तर धोका अधिक, कारण मुले उघड्या खणांच्या पायऱ्या करतात. मग संचाबरोबर मेजही अंगावर येऊ शकते. अमेरिकेतील ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने अशा अपघातांमुळेच 2015 साली टी.व्ही. आणि फर्निचर भिंतीशी जखडून ठेवण्याविषयी देशव्यापी मोहीम हाती घेतली. संच आपल्याकडेही तसेच आहेत आणि पडण्याचा नियमही तोच आहे.

मग सरळ भिंतीवरच टांगावा, असे कोणी म्हणेल. परंतु सगळ्या भिंती सारख्या नसतात. भाजलेल्या विटांची भिंत चांगला आधार देते. मात्र तिच्यावर साधारण 12 ते 15 मिलिमीटर गिलावा असतो आणि गिलाव्याला स्वतःची ताकद नसते. स्क्रू गिलावा ओलांडून विटेत शिरला पाहिजे, तोही दोन विटांमधील सांध्यात न जाता विटेच्या अंगात. काँक्रीटची भिंत वा खांब सर्वांत मजबूत. शहरातील नव्या इमारतींत मात्र हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंती असतात, ज्यांना पुष्कळजण सिपोरेक्सच्या भिंती म्हणतात. त्यांत साधा प्लास्टिकचा प्लग काही दिवसांनी सैल होतो. त्यांच्यासाठी निराळे, लांब फासनर मिळतात. कोकणातील जांभा दगडही सच्छिद्र असतो; कठीण जागी भोक पडले तर स्क्रू धरतो, पोकळ जागी पडले तर धरत नाही. प्लायवुडच्या किंवा जिप्समच्या पार्टिशनवर, मागे लाकडी वा लोखंडी चौकट सापडल्याशिवाय, जड संच टांगूच नये. आणि आपल्यापैकी अनेकांच्या गावाकडील घरांना पांढऱ्या मातीच्या भिंती असतात. त्या दीड-दोन हात जाड असल्या तरी स्क्रूला धरून ठेवत नाहीत. भिंतीची जाडी आणि भिंतीची पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भिंत कशाची आहे हे कळत नसेल तर ड्रिल मशीनमधून पडणारा भुगा पाहावा. तांबडा भुगा विटेचा, करडा आणि फार प्रयासाने निघणारा काँक्रीटचा, पांढरट-राखाडी आणि सहज भुसभुशीत निघणारा हलक्या ठोकळ्यांचा. आणखी एक खबरदारी म्हणजे स्विचबोर्डाच्या सरळ वर वा सरळ खाली भोक पाडू नये, कारण भिंतीच्या आतून जाणारी वायर बहुधा त्याच रेषेत असते.

आता भिंतीवर बसवावयाच्या ब्रॅकेटकडे वळू. त्याचे मुख्य प्रकार तीन : संच भिंतीला चिकटून ठेवणारा स्थिर, वरची कड पुढे झुकवता येणारा कलता आणि लांब हात असलेला, संच पुढे ओढून डावी-उजवीकडे वळवता येणारा. तिसरा प्रकार दुकानात सर्वांत आकर्षक वाटतो. आपण कलाशाखेचे विद्यार्थी असलो तरी एवढे गणित आपल्याला सहज जमेल. संच 10 किलोचा आहे आणि ब्रॅकेटच्या वरच्या व खालच्या स्क्रूंमध्ये 20 सेंटिमीटर अंतर आहे असे समजू. स्थिर ब्रॅकेटवर संचाचा गुरुत्वमध्य भिंतीपासून 5 सेंटिमीटरवर असेल तर 10 गुणिले 5 म्हणजे 50. त्यास 20 ने भागले की वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर खेचणारा जोर अडीच किलो येतो. तोच संच लांब हाताने 50 सेंटिमीटर पुढे ओढला की 500 भागिले 20, म्हणजे 25 किलो. संच तोच, भिंत तीच, पण ओढ दहापट. त्यातून मुलाने हाताला लोंबकळावयाचे ठरवले तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको. म्हणून लांब हाताचा ब्रॅकेट फक्त काँक्रीटच्या किंवा चांगल्या विटेच्या भिंतीवरच लावावा.

ब्रॅकेट संचाला बसेल की नाही, हे ओळखणे सोपे आहे. व्हिडिओ इलेक्ट्रॉनिक्स स्टँडर्ड्‌स असोसिएशन या 1989 साली स्थापन झालेल्या संस्थेने संचाच्या पाठीवरील चार भोकांची मापे ठरवून दिली आहेत. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्यांना व्हेसा म्हणतात. 200 बाय 200 असे लिहिले असेल तर भोकांमधील आडवे व उभे अंतर 200 मिलिमीटर असते. हा आकडा आणि वजनाची मर्यादा, दोन्ही ब्रॅकेटच्या खोक्यावर पाहावीत. पाठीत बसवावयाचे स्क्रू योग्य लांबीचेच वापरावेत. आखूड स्क्रू धरत नाही आणि फार लांब स्क्रू आतील भागांना इजा करतो.

उंचीचा प्रश्न यापुढचा. पडद्याचा मध्य साधारणपणे डोळ्यांच्या रेषेत असावा, म्हणजे मान अवघडत नाही. खुर्चीवर आरामात बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे 105 ते 115 सेंटिमीटरवर असतात. पण आपल्याकडे घरातली निम्मी माणसे सतरंजीवर मांडी घालून बसतात आणि त्यांचे डोळे 70 ते 75 सेंटिमीटरवर येतात. असे असताना संच देवाच्या तसबिरीइतका उंच लावला तर आजी-आजोबांना दोन तास मान वर करून बसावे लागते. उलट तो फार खाली लावला तर मुलांच्या हाताशी येतो. येथे कलता ब्रॅकेट उपयोगी पडतो. संच थोडा वर ठेवून वरची कड पुढे झुकवली की पडदा खाली बसलेल्यांकडे वळतो आणि मुलांचा हातही सहसा पोहोचत नाही.

ज्यांचे घर भाड्याचे आहे, ज्यांची भिंत मातीची किंवा पावसाळ्यात ओल धरणारी आहे, त्यांनी कमीपणा न मानता मेजाचाच मार्ग स्वीकारावा. मेज बुटके, जड, बिनखणांचे आणि संचाच्या दोन्ही पायांपेक्षा रुंद असावे. पाठीवरील त्याच भोकांत पट्टा अडकवून संच जखडावा : भिंत पक्की असेल तर भिंतीला, नसेल तर घराच्या लाकडी खांबाला किंवा त्या जड मेजाच्या मागील बाजूला. रिमोट वा खेळणे संचाच्या वर ठेवू नये, कारण मुले त्याच्याच मागे चढतात.

तेव्हा क्रम असा ठेवावा : आधी भिंत तपासावी, मग घरात कोण कुठे बसते व कोण कुठे चढते ते पाहावे आणि शेवटी ब्रॅकेट किंवा मेज निवडावे. बसवणारा माणूस दारात आला की त्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत : "भिंत कशाची आहे?" आणि "स्क्रू गिलाव्याच्या आत किती जाणार?" या दोहोंची उत्तरे मिळेपर्यंत ड्रिल सुरू होऊ देऊ नये.