अंगठ्याने दाबलेली पिचकारी

पाण्याने भरलेल्या पिचकारीच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबा आणि दांडा ढकलून पाहा. हलत नाही. आत पाणी नसून लोखंड भरलंय असं वाटतं. चिंचोटी-भिवंडी रस्त्यावरच्या कामणसारख्या गाळ्यांच्या पट्ट्यात नट आवळायला जी ऑइल पल्स गन वापरतात, तिचं सगळं गुपित या अंगठ्यात आहे.

नट आवळताना त्याला जेवढा पीळ द्यावा, तेवढाच उलटा पीळ हाताला बसतो. मग ही गन ५० न्यूटन-मीटरने बोल्ट आवळते आणि मनगटाला नुसती थरथर जाणवते, हे कसं? हवेची मोटर तेलाने भरलेलं एक छोटं सिलिंडर फिरवते. त्याच्या पोटात नट फिरवणारा शाफ्ट आणि त्यावर पाती. नट सैल आहे तोवर सगळं एकत्र फिरतं. नट अडला की शाफ्ट थबकतो, सिलिंडर फिरतच राहतं. आणि दर फेरीत एखाद-दोनदा पाती अशा जागी येतात की तेलाला पळायला वाट उरत नाही. तेल कोंडतं, सिलिंडर आणि शाफ्ट क्षणभर एकजीव होतात आणि फिरत्या वजनाचा वेग हिसक्याने नटात उतरतो. हिसका काही मिलिसेकंदांचा. गनचं जड अंग वळायला लागेपर्यंत तो संपलेलासुद्धा असतो! इम्पॅक्ट गनमध्ये हेच काम लोखंडी हातोडी करते, म्हणून तिचा कडकडाट नाक्यापर्यंत जातो.

कोंडलेल्या तेलाला किती निसटू द्यायचं, ते एक बारीक स्क्रू ठरवतो. टॉर्क कमी-जास्त होतो तो इथे. गन ढिली वाटली की जो तो आधी याच स्क्रूवर ॲलन की लावतो. माझ्या मते तो स्क्रू सगळ्यात शेवटी.

आधी हवा. बहुतेक गनना चालताना सुमारे ६.३ बार दाब लागतो. कॉम्प्रेसरवरचा काटा ७ दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नका. लांब, अरुंद नळी आणि गळकं कपलिंग वाटेतच दाब खातात, आणि ते कळतं फक्त हवा वाहत असताना.

त्यात आपल्याकडचा पावसाळा. सात पेले दमट हवा एका पेल्यात कोंबली, तरी थंड झाल्यावर ती वाफ धरते एकाच पेल्याएवढी. उरलेल्या वाफेचं पाणी होतं. तुंगारेश्वरच्या पायथ्याशी जुलैत कॉम्प्रेसरच्या टाकीचा कॉक उघडा, पाणी भळाभळा येईल. ते रोज काढलं नाही तर मोटरमधलं वंगण धुऊन जातं आणि गंज धरतो.

हवा ठीक असूनही जोर उतरत असेल, तर गनच्या त्या सिलिंडरमधलं तेल बघा. ते तापून पातळ होतं, झिरपतं. बदलताना कंपनीने सांगितलेलंच तेल, सांगितलेल्याच मापाने. काठोकाठ भरलं तर गरम होऊन फुगायला जागा राहत नाही.

एवढं झाल्यावर मग स्क्रू, तोही थोडा थोडा. दर वेळी खऱ्या जोडावरचेच पाच-दहा बोल्ट आवळून टॉर्क रेंचने तपासायचे. आट्यांना तेल लागलेला बोल्ट त्याच टॉर्कला कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो, म्हणून नमुन्याचे बोल्टही रोजच्यासारखेच घ्या.

आणि हवेचा प्रेशर गेज लावायचा तो गनमध्ये हवा शिरते त्या तोंडाशी, वाचायचा तो ट्रिगर दाबलेला असताना.