गोल डब्याचा कॅमेरा: रुंद चित्र कसं मिळतं?

मागच्या वेळी आपण खोक्याला भोक पाडून साधं चित्र काढलं होतं. नंतर काही जणांनी विचारलं, अख्खी इमारत एका चित्रात बसवायची तर काय करायचं? माझ्यावर हीच वेळ आली होती. आमची चौकाची चाळ पाडायचं ठरलं होतं, आणि समोरची व दोन्ही बाजूंची गॅलरी मला एकाच चित्रात धरायची होती.

भिंगाच्या कॅमेऱ्याला यासाठी महागडं भिंग लागतं. इथे फक्त भोक आणि कागद यांतलं अंतर कमी करायचं. १० सेंटिमीटर रुंद कागद भोकापासून ५ सेंटिमीटरवर ठेवला, की ९० अंशांचं दृश्य मिळालं. सोपं आहे ना? मलाही तसंच वाटलं होतं. मिठाईचं चपटं खोकं घेऊन चित्र काढलं. मधोमध चौक छान आला, पण कडेला मिट्ट काळोख. कागद जुना असणार म्हणून मी दुकानदाराशी वाद घालून आलो.

चूक माझी होती. सपाट कागदाच्या कडेपर्यंत प्रकाशाला जास्त लांब जावं लागतं, तो तिरपा पडतो, शिवाय कडेवरून पाहिलं तर गोल भोक चपटं दिसतं. सगळं मिळून ४५ अंशांवर मधल्याच्या एक चतुर्थांश प्रकाश उरतो. ६० अंशांवर तर सोळावा हिस्सा.

मग गोल डबा घेतला. भोक डब्याच्या भिंतीत, आणि कागद समोरच्या भिंतीला आतून चिकटवलेला. आता गंमत बघा. भोक चपटं दिसणं, किरण तिरपे पडणं, हे दोन तोटे इथेही आहेतच. पण कडेकडे जाताना कागद भोकाच्या जवळ येत जातो, आणि त्या जवळ येण्याचा फायदा दोन्ही तोटे बरोबर भरून काढतो. म्हणजे भोकाच्या पातळीवर कागदभर सारखाच प्रकाश! निदान हिशोबात तरी.

दूध पावडरचा १० सेंटिमीटर व्यासाचा डबा घ्या. आठ बाय दहा इंची कागदाची लांब बाजू आडवी ठेवून, डब्याच्या उंचीएवढी पट्टी कापा. ती भोकाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटर सोडून बसते, आणि दृश्य मिळतं साधारण १४५ अंशांचं.

भोकाचं माप लॉर्ड रेली यांनी १८९१ मध्ये मांडलेल्या सूत्रावरून काढतात. या डब्याला ०.४५ मिलिमीटर येतं, म्हणजे साधारण १० नंबरच्या शिवणाच्या सुईएवढं. पण भोक डब्याच्याच पत्र्याला पाडू नका! डब्याला सेंटिमीटरभर खिडकी कापा आणि तिच्यावर कोल्ड्रिंकच्या कॅनचा पातळ पत्रा लावा. तोही ०.१ मिलिमीटर जाड असतो. ७० अंशांवरून येणारा प्रकाश त्या जाडीतच निम्म्याहून जास्त अडतो, आणि हिशोबातला सारखेपणा तिथे जातो. म्हणून भोकाभोवती पत्रा बारीक पॉलिश पेपरने घासून आणखी पातळ करायचा. अर्धा तास लागतो, कंटाळा येतो, पण कडा उजळतात त्या यामुळेच.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे: आतून मॅट काळा रंग, भोकावर काळी चिकटपट्टी, लाल दिव्यात कागद भरायचा. कडक उन्हात अर्ध्या मिनिटापासून सुरुवात करा. कागद मंद असेल तर मिनिट, दीड मिनिटही लागतं. झाकणावर दगड ठेवा, वाऱ्याने डबा हलतो.

मी चौकातल्या कट्ट्यावर डबा ठेवला. तिसऱ्या कागदाला तिन्ही बाजू आल्या. खांब सरळ उभे होते, पण वरचा सरळ कठडा धनुष्यासारखा वाकला होता. गोल कागद सपाट केला की असंच होणार. भोकाच्या उंचीवरच्या आडव्या रेषा तेवढ्या सरळ राहतात. येणारी-जाणारी माणसं कुणीच उमटली नाहीत. समोरच्या पायरीवर पेपर वाचत बसलेले आजोबा मात्र आले, जरा अंधुक.