ओरडण्याआधी काय झालं?

पोलादपूरहून एसटीनं महाडला येत होतो. समोरच्या बाकावर पाचेक वर्षांचा मुलगा कान झाकून ओरडत होता. "लाडावून ठेवलंय," कुणी तरी बोललंच. आई खाली मान घालून म्हणाली, "स्वमग्न आहे हो." प्रत्येक वेळी आधी हॉर्न वाजत होता, हे आम्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

नेमकं हेच टिपण्याचं एक शास्त्र आहे, उपयोजित वर्तन विश्लेषण. आधी काय घडलं, मुलानं काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं, हे लिहून ठेवायचं. पाण्यासाठी ओरडणाऱ्याला पाण्याचं चित्र दाखवायला शिकवायचं आणि दाखवताच पाणी द्यायचं. अमेरिकेत लोवास यांनी १९८७ मध्ये याचे निष्कर्ष मांडले. त्यांच्या सुरुवातीच्या कामात शिक्षाही होती. त्यावर स्वमग्न माणसं आजही रागावतात, आणि ते मला पटतं.

माझी भाची मानसशास्त्रात बी. ए. झालीय. "मामू, हे शिकू कुठं?" तिनं विचारलं. अमेरिकी मंडळाच्या प्रमाणपत्राला पदव्युत्तर पदवी, देखरेखीखालचं काम आणि परीक्षा लागते. पण २०२३ पासून भारतात राहणाऱ्यांना ते नव्यानं मिळत नाही. आपल्याकडे २०२१ च्या आरोग्य व्यावसायिक कायद्यात 'वर्तन विश्लेषक' हे नाव आलंय. तरी हाताशी असलेली वाट भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेल्या विशेष शिक्षणाची किंवा चिकित्सा मानसशास्त्राची. नोकऱ्या मुंबई-पुण्यात जास्त, हेही तिला सांगितलं.

तिनं विशेष शिक्षणाचा अर्ज भरलाय. एसटीतल्या त्या आईचा नंबर घ्यायला मात्र मी विसरलो.