इंजिनाचा सुटा भाग कसा ओळखावा

उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. भीमेचे पाणी अडले. करमाळा आणि माढा तालुक्यांत, पलीकडे इंदापूर तालुक्यात ते दूरवर पसरले. जिथे नांगर चालत होता, तिथे होडी चालू लागली. आज या पाण्यावर कोणी मासे धरतो, कोणी माणसे पैलतीरी नेतो, कोणी भिगवणकडे आलेल्या पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवतो. पुष्कळ होड्यांना आता इंजिन आहे.

इंजिन आले की मोडतोड आलीच. विहिरीवरचे इंजिन बंद पडले, तर पीक एक दिवस तहानलेले राहते. होडीचे इंजिन मधल्या पाण्यात बंद पडले, तर गोष्ट निराळी. उजनीवर वारा किती वाईट सुटतो, हे २१ मे २०२४ रोजी दिसले. करमाळ्यातल्या कुगावहून इंदापुरातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळात उलटली. सहा जण बुडाले. त्या दिवशी दोष वाऱ्याचा होता. पण वारा सुटल्यावर नावाड्याच्या हातात काय असते? होडीचे तोंड वळवायचे आणि जवळचा काठ गाठायचा. त्याला इंजिन चालू लागते. चुकीचा भाग घातलेले इंजिन नेमके जोर लागतो तेव्हाच दगा देते.

आता दुकानात काय होते ते बघा.

"एक रिंगांचा सेट द्या."

"इंजिन कुठलं, मामा?"

"पाच हॉर्सचं. हिरवं."

हिरवे म्हणून काय कळणार? रंग तर आपण डबा आणून केव्हाही बदलतो. पाच हॉर्सची इंजिनेही अनेक कंपन्यांची असतात. दुकानदार अंदाजाने एक पुडा देतो. आपण तो घेऊन वीस कोस परत येतो आणि मिस्त्री म्हणतो, "हे बसत न्हाई."

इंजिनाच्या अंगावर एक पत्र्याची पाटी असते. तीवर कंपनीचे नाव, मॉडेल, इंजिनाचा नंबर, हॉर्सपॉवर आणि मिनिटाचे फेरे लिहिलेले असतात. मॉडेल म्हणजे इंजिनाची जात. किर्लोस्करांची एव्ही-१ आणि टीव्ही-१ ही दोन इंजिने घ्या. दोघांतही पिस्टन ११० मिलिमीटर वर-खाली जातो. दोघांचे फेरे १५०० असतात. पण एव्ही-१ चा सिलिंडर ८० मिलिमीटर रुंद आणि टीव्ही-१ चा साडेसत्त्याऐंशी. पाऊण सेंटिमीटरचा फरक! एकाची रिंग दुसऱ्यात कशी बसेल?

पाटीवरची अक्षरे इंग्रजी असतात. वाचता येत नसतील, तरी अडून बसू नका. पाटी पुसून घ्या, तीवर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी करून घासा. अक्षरे आपोआप कागदावर उमटतात. नंबराच्या पुढेमागे एखादे सुटे अक्षर असेल, तर तेही येऊ द्या. कंपनी मधेच एखाद्या भागाचा आकार बदलते, आणि तो बदल कधीकधी त्या एका अक्षरावरूनच कळतो.

पण पाटी सांगते ती इंजिनाच्या जन्माची हकीगत. पुढे त्याचे काय काय झाले, ते पाटीला ठाऊक नसते. इथेच पुष्कळ जण फसतात. जुने इंजिन विकत घेतलेले असेल, तर जास्तच.

सिलिंडर झिजला की कारखान्यात तो आतून कापून मोठा करतात. याला बोअर करणे म्हणतात. मग त्यात मोठा पिस्टन घालावा लागतो. तो पाव मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर, असा टप्प्याटप्प्याने मोठा मिळतो. पिस्टनच्या डोक्यावरची काजळी खरवडून बघा. तिथे ०.२५ किंवा ०.५० असा आकडा कोरलेला सापडेल. जो आकडा पिस्टनवर, त्याच आकड्याच्या रिंगा घ्यायच्या. लहान रिंग घातली तर दाब निसटतो, धूर होतो, तेल जळते. मोठी घातली तर त्याहून वाईट. रिंगेच्या दोन टोकांत थोडी फट लागते. इंजिन तापले की रिंग फुगते. फट नसेल तर टोकाला टोक भिडते, रिंग अडकते आणि सिलिंडरला ओरखडे पडतात.

क्रँकचे उलटे असते. तो घासून गुळगुळीत केला की बारीक होतो. मग त्याच्यावरची बेरिंगची वाटी जाड घ्यावी लागते. तिच्या पाठीवर आकडा असतो. दुकानदाराने "स्टँडर्ड की अंडरसाइज?" म्हणून विचारले, तर तो हेच विचारत असतो.

छर्ऱ्यांच्या बेरिंगला मात्र कंपनी विचारायची गरज नाही. त्याचा नंबर साऱ्या जगात एकच आहे. ६२०५ नंबर घ्या. शेवटच्या ०५ ला पाचाने गुणा. पंचवीस आले. भोक पंचवीस मिलिमीटरचे. ६३०५ चेही भोक पंचवीसच, पण बाहेरचा घेर मोठा. पहिले ५२, दुसरे ६२ मिलिमीटर. म्हणून नुसता दांडा मोजून बेरिंग आणू नये. नंबरापुढे दोन झेड असतील, तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे आहेत असे समजावे. पाण्याजवळ रबरी झाकणाचे बरे.

डोक्याखालचे ग्यासकीट जाडीवरून निवडू नका. जुने दाबून पातळ झालेले असते.

काही होड्यांच्या मागे टांगलेले इंजिन असते. त्यातल्या पुष्कळांच्या पंख्यात एक मऊ धातूची पिन असते. पंखा दगडाला किंवा बुडालेल्या झाडाच्या खोडाला लागला की पिन तुटते. ती तुटायलाच केलेली आहे. ती तुटते म्हणून आतले दाते वाचतात. तिच्या जागी लोखंडी खिळा ठोकला, तर पुढच्या धक्क्याला दाते जातात आणि खर्च कैक पटीने वाढतो. त्याच धातूच्या, त्याच जाडीच्या दोन पिना पक्कडीसह होडीत बांधून ठेवाव्यात.

पंख्यावर दोन आकडे असतात, इंचांत. पहिला पंख्याच्या रुंदीचा. दुसरा एका फेऱ्यात तो पाणी कापत किती पुढे जाईल याचा. दुसरा आकडा फार मोठा घेतला, तर इंजिन भरल्या होडीत दमते आणि तापते.

दुकानात जाताना पेन्सिलीने घासलेला कागद आणि जुना भाग दोन्ही बरोबर न्या. पुड्यावरचे नाव एकेक अक्षर वाचा. नामांकित कंपनीच्या नावातले एखादे अक्षर बदलून नकली माल विकणारे आहेत. आणि नवा भाग बसून होडीने काठाकाठाने दोन फेऱ्या मारल्याशिवाय जुना भाग भंगारात देऊ नका. माल बदलून आणायची वेळ आली, तर दुकानदारापुढे तोच ठेवावा लागतो.