प्रथिनांचा आंकडा आणि प्रथिनांची घडण

पेंडीच्या पोत्यावर प्रथिनांचें शेंकडा प्रमाण छापलेलें असतें, आणि घेणारा बहुधा तेवढेंच पाहून भाव ठरवितो. हा आंकडा काढण्याची रीत अशी कीं, पदार्थांतील नत्र मोजावयाचा व त्यास ६.२५ नें गुणावयाचें. नत्र किती हें यावरून समजतें. तो कोणत्या रूपांत आहे हें मुळींच समजत नाहीं. आणि खाणाऱ्यास महत्त्व रूपाचेंच आहे.

प्रथिन म्हणजे एक लांब माळ. तिचे मणी म्हणजे अमिनो आम्लें होत. प्रत्येक मण्याच्या मध्यभागीं कर्बाचा एक अणु असतो. त्याच्या चार हातांपैकीं एकास नत्रयुक्त अमिनो गट, दुसऱ्यास आम्लगट, तिसऱ्यास हायड्रोजनचा अणु आणि चौथ्यास बाजूची सांखळी जोडलेली असते. भेद आहे तो या चौथ्या हातांत. एका मण्याचा आम्लगट दुसऱ्याच्या अमिनो गटास मिळाला म्हणजे पाण्याचा एक रेणु बाहेर पडतो व गांठ बसते. पोटांतील पाचकरस पुन्हां पाणी घालून तीच गांठ सोडवितात.

प्रथिनांत हे मणी वीस प्रकारचे आहेत. ल्युसीन व व्हॅलीन हीं पाण्यापासून दूर राहणारीं; सेरीन व थ्रिओनीन पाण्याशीं सलोखा ठेवणारीं; ग्लुटामिक व अॅस्पार्टिक आम्लधर्मी; लायसीन, आर्जिनीन व हिस्टिडीन अल्कधर्मी. मेथिओनीन व सिस्टीन यांत गंधक असतो; म्हणून गंधकाची उणीव असलेल्या जमिनींत पिकास तीं पुरेशीं बनवितां येत नाहींत.

शेतकऱ्यास अधिक उपयोगी वर्गवारी मात्र निराळी आहे. वीसांपैकीं अकरा आम्लें मनुष्याचें शरीर स्वतः बनवूं शकतें. उरलेलीं नऊ अन्नांतूनच मिळावीं लागतात. त्यांतील शेवटचें, थ्रिओनीन, अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाचे विल्यम रोझ यांनीं १९३५ सालीं शोधून काढलें. नवांपैकीं एकहि कमी पडलें तर इतरांचा पुरता उपयोग होत नाहीं. घर बांधतांना चुना संपला तर विटांचा ढीग निदान पडून तरी राहतो. शरीर तोहि ठेवीत नाहीं. उरलेलीं आम्लें तें जाळून टाकतें व त्यांतील नत्र लघवीवाटें जातो.

न्यू हेवन येथील ऑस्बोर्न व मेंडेल यांनीं १९१४ सालीं पांढऱ्या उंदरांस प्रथिन म्हणून केवळ मक्यांतील झेईन दिलें. उंदीर खंगूं लागले. त्यांत ट्रिप्टोफेन मिळवितांच वजन टिकलें, पण वाढ होईना. लायसीनहि घातलें तेव्हां कोठें ते वाढूं लागले.

आपल्या ज्वारीची गोष्ट अशीच आहे. तिच्या १०० ग्रॅम प्रथिनांत लायसीन सुमारें २ ग्रॅम भरतें. प्रौढ माणसास तें ४.५ ग्रॅमच्या प्रमाणांत हवें, व वाढत्या मुलास त्याहूनहि अधिक. तुरींत तें ६ ते ७ ग्रॅम असतें. उलट तुरींत मेथिओनीन थोडें, तें ज्वारी कांहीं अंशीं भरून काढते. म्हणून भाकरीबरोबर वरण असलें म्हणजे एकीची उणीव दुसरी झांकते. नुसत्या मिरचीच्या ठेच्याशीं भाकरी खाणाऱ्या मजुराच्या मुलाचें पोट भरतें, परंतु अंग भरत नाहीं, याचें एक मोठें कारण हेंच. नत्रखत अधिक दिल्यानें दाण्यांतील प्रथिनांचा आंकडा चढतो खरा. पण ती भर मुख्यतः लायसीन नसल्यासारख्याच असलेल्या काफिरीन या प्रथिनाची असते.

आतां पुन्हां पेंडीकडे वळूं. भुईमुगाच्या व सोयाबीनच्या पेंडींत प्रथिनें दोहोंतहि शेंकडा ४५ च्या आसपास निघतात. परंतु सोयाबीनच्या प्रथिनांत लायसीन दीडपटीहून अधिक असतें. गाई-म्हशींच्या बाबतींत या फरकाचें महत्त्व कमी, कारण त्यांच्या पोटांतील सूक्ष्म जंतु मिळेल त्या नत्रापासून सर्व आम्लें घडवितात व पुढें तेच जंतु पचून जनावरास मिळतात. कोंबडीस ही सोय नाहीं. तिच्या खाद्यांत भुईमुगाची पेंड वापरावयाची असेल तर लायसीन व मेथिओनीन यांची भर निराळी घालावी लागते, आणि तो खर्च धरूनच दोन पेंडींच्या भावाची तुलना करावी.