दुसरं नेट हवंच!

शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस. वस्तीतल्या चार मुलींना घेऊन मी सेवा केंद्रात गेले, तर नेट बंद! रस्ता खोदताना केबल तुटलेली. केंद्र चालवणाऱ्या ताईंनी मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं, तेही चालेना. कंपनी तीच, टॉवरही त्याच केबलवरचा! माझं सिम दुसऱ्या कंपनीचं. त्यावरून चारही अर्ज गेले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

मैत्रिणींनो, झेरॉक्सचं दुकान असो की सेवा केंद्र, एक नेट केबलचं आणि दुसरं वेगळ्या कंपनीच्या सिमचं ठेवा. वीज गेली तर राउटरला छोटा यूपीएस हवा. महिन्यातून एकदा केबल काढून दुसरं चालतंय का, तेही बघा. सादळलेली काडेपेटी ऐन अंधारात काय कामाची?